ब्लॉक केलेलं गिऱ्हाईक परत आलं तर? ऑनलाइन विक्रेत्यांसाठी धडा

त्रास देणारं गिऱ्हाईक ब्लॉक करायचं का, कसं करायचं, आणि ब्लॉक केलेलं गिऱ्हाईक फिरून आलं तर काय करायचं, हा आजचा विषय. व्हिडिओत नियम आणि आकडे पटकन निघून जातात, म्हणून इथे सावकाश लिहून देतो. वही-पेन घेऊन बसा.

पुसदच्या किंवा वणीच्या बाजारात दुकानदार भांडकुदळ गिऱ्हाइकाला "दुसरीकडे बघा" म्हणतो आणि विषय संपतो. ऑनलाइनमध्ये दुकान तुमचं असलं तरी दार बहुतेक वेळा दुसऱ्याचं असतं. म्हणून आधी हे बघायचं की दार कोणाच्या हातात आहे.

१. ब्लॉकचं बटण कुठे आहे, कुठे नाही

*ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो:* अमुक एका खरेदीदाराने माझा माल घेऊ नये, असं बटण इथे विक्रेत्याच्या हातात नाही. गिऱ्हाईक मार्केटप्लेसचं, तुम्ही माल पुरवणारे. गैरवापराची तक्रार तुम्ही करू शकता, पण खातं बंद करायचं की नाही हे कंपनी ठरवते.

*ईबे:* इथे खरी 'ब्लॉक्ड बायर लिस्ट' असते. त्यात नाव टाकलं की तो माणूस तुमच्याकडे बोली लावू शकत नाही, खरेदी करू शकत नाही. आपल्याकडे हे दुकान मुंबईच्या बाझी डॉट कॉममधून आलं. ईबेने ती कंपनी २००४ मध्ये घेतली, २०१७ मध्ये ईबे इंडिया फ्लिपकार्टकडे गेली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ती साइट बंद झाली. भारतातून परदेशात विकण्यासाठी मात्र ईबे आजही वापरता येतं. निर्यातीचा विचार असेल तर ही यादी लक्षात ठेवा.

*व्हॉट्सॲप बिझनेस, इन्स्टाग्राम, फेसबुक:* इथे दार पूर्ण तुमचं. इन्स्टाग्रामवर त्या माणसाची दुसरी आणि पुढे उघडली जाणारी खातीही सोबत ब्लॉक करायचा पर्याय मिळतो.

२. ब्लॉक केल्याने काय थांबतं?

बोलणं थांबतं. जबाबदारी थांबत नाही. हे वाक्य वहीत मोठ्या अक्षरात लिहा.

समजा उमरखेडच्या एका बचत गटाने व्हॉट्सॲपवर दोन किलो हळद विकली. पिशवी फाटून पोहोचली. समोरचा माणूस रात्री अकरा वाजता तावातावाने बोलला, ताईंनी वैतागून त्याला ब्लॉक केलं. त्याचं बोलणं वाईट होतं, पण तक्रार खरी होती. आता त्याच्याकडे पैसे दिल्याचा पुरावा आहे, फाटक्या पिशवीचा फोटो आहे, आणि विक्रेत्याने ब्लॉक केल्याचाही पुरावा आहे. तिन्ही गोष्टी गटाच्या विरुद्ध जातात.

कायदा काय म्हणतो ते बघा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार, सदोष माल परत घ्यायला आणि बिलावर लिहिलेल्या मुदतीत पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवस धरले जातात. बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच. मार्केटप्लेसवर विकत असाल तर २०२० चे ई-कॉमर्स नियमही लागू होतात. माल सदोष असेल, नकली असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल, तर तो परत घ्यायला विक्रेता नाही म्हणू शकत नाही.

आणखी एक. गिऱ्हाईक आता स्वतः राहतं त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करू शकतं, आणि त्यासाठी त्याला दोन वर्षांची मुदत असते. कोल्हापूरच्या माणसाने कोल्हापुरात तक्रार केली तर तारखेला उत्तर उमरखेडहून द्यावं लागेल. चारशे रुपयांच्या हळदीसाठी हे परवडणारं आहे का?

म्हणून क्रम असा ठेवा: आधी हिशोब मिटवा, मग चॅट एक्सपोर्ट करून ठेवा, आणि सगळ्यात शेवटी ब्लॉक. व्हॉट्सॲपवर ब्लॉक असताना त्याने पाठवलेले मेसेज नंतर अनब्लॉक केलं तरी येत नाहीत. त्यातच त्याचा बँक तपशील किंवा परताव्याची मागणी असेल तर ती तुम्हाला कधी दिसणारच नाही.

३. चार प्रकारची गिऱ्हाइकं, चार प्रकारचे उपाय

*पहिला: तोंडाने कडू, पण मुद्दा बरोबर.* याला ब्लॉक करू नका. पैसे परत करा किंवा माल बदलून द्या. सोबत दोन ओळी पाठवा: "दादा, माल खराब पोहोचला ही चूक आमची. नवीन पाकीट उद्या निघेल, पावती पाठवते." अशी गिऱ्हाइकं पुष्कळदा टिकतात, कारण त्यांना भांडण नको असतं, माल हवा असतो.

*दुसरा: कॅश ऑन डिलिव्हरी मागवून पार्सल न घेणारा.* याला ब्लॉक करण्यापेक्षा त्याची उधारीची सोय बंद करा. व्हॉट्सॲपवर 'फक्त आधी पैसे' असं लेबल लावा. पुढच्या वेळी सरळ सांगा: "ताई, मागचं पार्सल परत आलं होतं, म्हणून यावेळी आधी पैसे घेऊनच पाठवतो." खरी गरज असेल तर ती पैसे पाठवते, नसेल तर आपोआप गळते. भांडण नाही, ब्लॉक नाही.

*तिसरा: रिटर्नमध्ये वस्तू बदलणारा.* नवीन कुर्ती मागवून जुनी परत पाठवली, असा प्रकार. इथे रागाचा उपयोग नाही, पुराव्याचा आहे. पॅकिंग करताना एकसलग व्हिडिओ घ्या, त्यात वस्तू, वजन आणि लेबलवरचा ऑर्डर नंबर दिसला पाहिजे. रिटर्न आलेलं पार्सल उघडतानाही तसाच व्हिडिओ घ्या, सील तोडण्याआधीपासून. ॲमेझॉनवर अशा नुकसानीसाठी 'सेफ-टी क्लेम' आहे, फ्लिपकार्टवरही विक्रेत्याला दावा करता येतो. मुदत छोटी असते आणि बदलत राहते, म्हणून पार्सल आलं त्याच दिवशी उघडा आणि त्याच दिवशी पॅनलवर मुदत बघा.

*चौथा: धमकी, अश्लील मेसेज, पैसे पाठवल्याचा खोटा स्क्रीनशॉट.* इथे समजावत बसायचं नाही. स्क्रीनशॉट घ्या आणि त्याच मिनिटाला ब्लॉक करा. पैशांची फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. जिवाला धोका वाटला तर ११२, आणि महिलांसाठी १८१. आपल्या बऱ्याच ताया घरचाच नंबर धंद्यासाठी वापरतात. धंद्याचा नंबर वेगळा काढा. ब्लॉक करायची वेळ येते तेव्हा त्याची किंमत कळते.

खोट्या स्क्रीनशॉटचा एक जोडीदार आहे. "चुकून जास्त पैसे आले, फरक दुसऱ्या नंबरवर पाठवा." आधी बँकेचं खातं उघडून रक्कम खरंच आली का बघा. आली असेल तर ज्या खात्यातून आली त्याच खात्यात परत करा, तिसऱ्या नंबरवर कधीच नाही.

४. बटण नसताना ऑर्डर रद्द करू का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. नाव ओळखीचं दिसतं, मागच्या वेळी त्याने त्रास दिलेला असतो, आणि बोट 'कॅन्सल'कडे जातं. थांबा, आधी हिशोब करा.

ॲमेझॉनवर विक्रेत्याने स्वतः रद्द केलेल्या ऑर्डरचं प्रमाण २.५ टक्क्यांच्या खाली ठेवावं लागतं. सदोष ऑर्डरचं प्रमाण १ टक्क्याच्या खाली. मोठ्या विक्रेत्याच्या हजार ऑर्डरमध्ये एक रद्द झाली तर कोणाला कळतही नाही. पण तुमच्या आठवड्याला २० ऑर्डर असतील आणि एक तुम्ही रद्द केली, तर झाले ५ टक्के, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. एका माणसावरच्या रागापोटी तुमचं सगळं खातं धोक्यात येतं.

दुसरी बाजूही बघू. समजा एका विक्रीत तुमच्या हातात ४० रुपये राहतात आणि एका रिटर्नला जाण्या-येण्याचे १४० रुपये लागतात. म्हणजे एक रिटर्न साडेतीन विक्रींचा नफा खातो. नुकसान खरं आहे. पण ते एकदाच होतं, तर खातं बंद पडलं तर सगळा हंगामच जातो. म्हणून ऑर्डर पाठवा, फक्त जास्त सावधपणे: व्हिडिओ, वजनाची नोंद, पक्कं सील.

आणि मूळ भोक बुजवा. कुर्त्यांचे रिटर्न मापामुळे येत असतील तर छाती, कंबर, लांबी इंचात लिहा. रंगामुळे येत असतील तर उन्हात काढलेला फोटो टाका. एकाच प्रकारच्या तक्रारी तीन वेगवेगळ्या माणसांकडून आल्या, तर दोष गिऱ्हाइकांत नाही, लिस्टिंगमध्ये आहे.

५. ब्लॉक केलेलं गिऱ्हाईक परत आलं तर

ते तीन वाटांनी येतं.

*नवीन नंबरवरून मेसेज:* आधी कामाचा मुद्दा आहे का बघा. जुना हिशोब बाकी असेल तर तो मिटवा. नसेल तर एकच उत्तर द्या: "नमस्कार. आपला आधीचा व्यवहार पूर्ण झाला आहे. यापुढे आम्ही आपली ऑर्डर घेऊ शकणार नाही. धन्यवाद." पुढे वाद घालू नका. कारण विचारलं तरी तेच वाक्य.

*मार्केटप्लेसवरून ऑर्डर:* वर सांगितल्याप्रमाणे, इतर कोणाचीही असती तशीच पाठवा. मार्केटप्लेसवरून मिळालेल्या नंबरवर फोन करून जुनं भांडण उकरू नका. तो नंबर फक्त त्या ऑर्डरसाठी असतो.

*रिव्ह्यूमधून:* इथे तुम्ही त्याला ब्लॉक करू शकत नाही. खोटा रिव्ह्यू असेल तर रिपोर्ट करा आणि खाली शांतपणे उत्तर लिहा: तारीख, काय घडलं, काय परत दिलं. हे उत्तर त्याच्यासाठी नसतं. पुढे वाचणाऱ्या नव्या गिऱ्हाइकांसाठी असतं.

माफी मागून आलं तर? छोट्या गावात माणसं पुन्हा पुन्हा भेटतात. आज ब्लॉक केलेला माणूस दारव्ह्याच्या लग्नात पंगतीला शेजारी बसू शकतो. शिवीगाळ किंवा फसवणूक नसेल तर सहा महिन्यांनी यादी एकदा बघा, आणि 'आधी पैसे' या अटीवर अनब्लॉक करा. चौथ्या प्रकाराला मात्र परत घेऊ नका.

६. हे करू नका

- विक्रेत्यांच्या ग्रुपवर "या माणसापासून सावध" म्हणत नाव, नंबर, पत्ता टाकू नका. बदनामीचा दावा होऊ शकतो, आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदाही आहे. पुरावा पोलिसांना किंवा मार्केटप्लेसला द्या.
- आडनाव, जात, धर्म किंवा गाव बघून कोणाला ब्लॉक करू नका. नोंद वागणुकीची ठेवा, माणसाच्या ओळखीची नाही.
- रागात असताना ब्लॉक करू नका. चौथा प्रकार सोडून बाकी सगळ्यांना एक रात्र द्या.

या आठवड्याचा गृहपाठ

वहीत पाच रकाने आखा: तारीख, ऑर्डर नंबर, काय घडलं, पुरावा कुठे आहे, काय निर्णय घेतला. मागच्या तीन महिन्यांतले सगळे त्रासदायक व्यवहार त्यात भरा आणि प्रत्येकासमोर प्रकार एक ते चार यांपैकी आकडा लिहा. पहिल्या प्रकाराचे आकडे जास्त निघाले तर ब्लॉकचं बटण विसरा, पॅकिंग आणि लिस्टिंग सुधारा. तिसऱ्याचे जास्त निघाले तर उद्यापासून व्हिडिओ सुरू करा.

मग आताची ब्लॉक यादी उघडा आणि एकेका नावासमोर विचारा: याचा हिशोब पूर्ण मिटला आहे का? ज्याचा बाकी असेल त्याला आजच अनब्लॉक करा, पैसे किंवा माल द्या, पावती घ्या.

पुढच्या भागात रिटर्न पॉलिसी बिलावर सोप्या मराठीत कशी लिहायची ते बघू. आपलं एखादं जुनं बिल जवळ ठेवा, त्यावरच काम करू. भेटू.