गाठ साडेतीन सेंटिमीटरची, म्हणजे स्टेज पुढची?

प्रश्न : आईला (वय ६१) गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघाला आहे. एमआरआयमध्ये गाठ साडेतीन सेंटिमीटरची दिसते. आजार पुढे गेला आहे का?

उत्तर : नुसत्या आकारावरून स्टेज ठरत नाही. गाठ स्नायूच्या थरात किती खोल शिरली, गर्भाशयमुखापर्यंत किंवा लसिकाग्रंथींत पोहोचली का, हे पाहतात. पेशींचा प्रकार आणि ग्रेडही महत्त्वाचे. मग आकार मोजायचा कशाला? तर २ सेंटिमीटरपर्यंतची, कमी ग्रेडची, उथळ गाठ लसिकाग्रंथींत क्वचितच पसरते. मोठी असली की त्या ग्रंथी तपासण्याकडे सर्जनचा कल वाढतो. स्नायूतून वाढणाऱ्या लायोमायोसार्कोमात मात्र ५ सेंटिमीटरची रेषा स्टेजमध्येच धरलेली असते. आईचा आजार तो नव्हे. ऑपरेशननंतरच्या पॅथॉलॉजी रिपोर्टात ‘मायोमेट्रियल इन्व्हेजन’ची, म्हणजे गाठ स्नायूच्या थरात किती खोल शिरली याची, ओळ आधी वाचा.