झेंडा उचलला, कागद राहिला

१५ ऑगस्टला झेंडावंदन झालं, खाऊ वाटला. घरी जाताना चौथीतल्या एका मुलाने मैदानात पडलेला कागदी झेंडा उचलला, पुसून माझ्या हातात दिला. ऊर भरून आला! पण शेजारचा चॉकलेटचा कागद तसाच. विचारलं तर म्हणाला, "तो काय झेंडा आहे का, सर?"

चूक माझीच. १९७६ साली संविधानात आलेल्या कलम ५१-क मध्ये राष्ट्रध्वजाचा आदर, पर्यावरणाचं आणि सार्वजनिक मालमत्तेचं रक्षण ही सगळी कर्तव्यं एकाच यादीत आहेत. मी पहिलं तेवढं दरवर्षी बजावत आलो. बाकीच्यांचा तास कधी घेतलाच नाही.

येत्या शनिवारी वर्गाला एसटी स्टँडवर नेतोय, बाकड्यांवर कोरलेली नावं मोजायला. पालकांनीही यावं. (आपल्याच पिढीची जास्त सापडतील, बहुतेक.)