झगा, पुस्तके आणि बंद कपाट



संत पौल तुरुंगात आहे. बरोबरची माणसे पांगली आहेत, लूक तेवढा जवळ आहे. आपला शेवट आता दूर नाही हे त्याला कळून चुकले आहे. अशा वेळी तो तीमथ्याला पत्र लिहितो आणि शेवटी एक अगदी घरगुती निरोप घालतो. हिवाळ्यापूर्वी ये, आणि येताना त्रोवस येथे कार्पाकडे राहिलेला माझा झगा घेऊन ये. पुस्तकेही आण, विशेषतः चर्मपत्रे. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या चौथ्या अध्यायात हा मजकूर आहे. आज घरी गेल्यावर तो जरूर काढून पाहा.

गुरुविद्यालयात असताना हे वचन आम्ही अनेकदा वाचले, पण त्यापाशी कधी थांबलो नाही. थंडीसाठी झगा मागितला हे समजते. पण ज्याला दमास्कसच्या वाटेवर प्रत्यक्ष प्रभू भेटला, ज्याची पत्रे आपण आज मिस्सामध्ये ऐकतो, त्याला मरणाच्या दारात पुस्तके कशाला हवी होती? पौलाने कारण दिलेले नाही. झग्याशेजारी पुस्तके मागितली, एवढेच आपल्यापुढे आहे. शरीराला ऊब हवी तशी आत्म्यालाही हवी, असा त्याचा अर्थ आम्ही आमच्यापुरता लावतो.

हा विषय आज काढण्यामागे एक घटना आहे. ज्यांच्याविषयी लिहितो आहोत त्यांच्या घरच्यांची परवानगी घेतली आहे.

गेल्या वर्षी पावसाळ्यात आपल्या धर्मग्रामातील एक निवृत्त शिक्षक अंथरुणाला खिळले होते. पहिल्या शुक्रवारी आम्ही त्यांना परमप्रसाद घेऊन गेलो. प्रार्थना झाल्यावर ते म्हणाले, "फादर, रात्री झोप येत नाही. रोजरी होते, पण मन भरकटते. काहीतरी वाचायला द्याल का? अक्षर मोठे असले तर बरे." आम्ही लगेच हो म्हटले. परत येताना विचार करू लागलो, कोणते पुस्तक द्यावे? आणि सांगायला संकोच वाटतो, पण आम्हांला एकही नाव सुचेना. तत्त्वज्ञानाची पदवी घेतलेल्या माणसाला! संत थॉमस अक्विनास यांनी देवाच्या अस्तित्वासाठी मांडलेले पाच मार्ग आम्ही झोपेतही सांगू शकलो असतो. पण रात्री दोन वाजता जाग्या असलेल्या आजारी माणसाच्या हाती काय द्यावे हे ठाऊक नव्हते.

मग चर्चच्या मागच्या खोलीतील कपाटाची आठवण झाली. आमच्या आधीच्या धर्मगुरूंनी मोठ्या हौसेने तेथे पुस्तके जमवली होती. कपाटाला कुलूप होते आणि किल्ली कोणाकडे हे कोणालाच सांगता येईना. एकाने दुसऱ्याचे नाव घेतले, दुसऱ्याने तिसऱ्याचे. मध्ये सणाची गडबड झाली. तेराव्या दिवशी किल्ली सापडली, एका माजी सेक्रेटरींच्या घरी, शिवणाच्या डब्यात. सर त्याच्या आदल्या रात्री गेले होते.

कपाट उघडले तेव्हा खालच्या कप्प्याला वाळवी लागलेली होती. आणि आता पॅरिश कौन्सिलच्या सभेत प्रश्न आला आहे की, ते कपाट काढून त्या जागी खुर्च्या ठेवाव्यात का. प्रश्न विचारणाऱ्यांचा राग नाही. खुर्च्या खरोखरच ओल्या होतात. पण निर्णय घेण्यापूर्वी पुस्तक नेमके काय काम करते याचा आपण सर्वांनी विचार करावा, म्हणून हा लेख.

संत इग्नेशियस लोयोला यांची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे, पण ती नीट पाहू या. सन १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफेचा गोळा लागून त्यांचा पाय मोडला. त्यांना लोयोला येथे घरी आणले. हाड वाकडे जुळले, तेव्हा बाहेर आलेले हाड कापून पाय सरळ दिसावा म्हणून त्यांनी आपणहून पुन्हा शस्त्रक्रिया सोसली. दरबारात चांगले दिसायचे होते! अंथरुणात पडल्या पडल्या वेळ जावा म्हणून त्यांनी शूर सरदारांच्या कादंबऱ्या मागितल्या. त्या काळी त्यांची फार चलती होती. पण घरात तशी एकही नव्हती. होती ती दोन पुस्तके : ख्रिस्ताचे चरित्र आणि संतांच्या कथा. दुसरे काही नाही म्हणून त्यांनी ती हातात घेतली. भक्तीने नव्हे, कंटाळ्याने. हे आम्हांला फार दिलासा देणारे वाटते. देव आपल्या चांगल्या हेतूची वाट पाहत थांबत नाही, रिकामा वेळही त्याला पुरतो.

यानंतर जे घडले ते जास्त महत्त्वाचे आहे. इग्नेशियस थोडे वाचत आणि पुस्तक बाजूला ठेवून विचार करीत. कधी एका थोर स्त्रीची सेवा कशी करावी, कोणते पराक्रम करावेत अशी स्वप्ने तासन्‌तास पाहत. कधी वाटे, संत फ्रान्सिस आणि संत दोमिनिक यांनी जे केले ते मी केले तर? दोन्ही विचार चालू असताना गोड लागत. फरक नंतर कळे. पहिल्या स्वप्नानंतर मन कोरडे आणि नाखूश होई. दुसऱ्यानंतर आनंद मागे उरे. बरेच दिवस त्यांनी याकडे लक्ष दिले नाही. एके दिवशी लक्ष गेले, आणि कोणता विचार कोठून येतो हे ओळखण्याची त्यांची साधना तेथून सुरू झाली. पुढे 'आध्यात्मिक साधना' या नावाने जगाला मिळालेल्या त्यांच्या पुस्तकाचे बीज त्या अंथरुणात आहे.

म्हणजे वाचताना आपण किती भारावलो हे पुस्तकाचे माप नाही. पुस्तक मिटल्यावर मागे काय उरले, हे माप आहे. घरी जेवणानंतर आपण म्हणतो ना, चव छान होती पण पोटाला बाधले? तसेच हे. मोबाईलवर अर्धा तास घालवून उठल्यावर मनाची काय स्थिती असते ते प्रत्येकाने स्वतःशी प्रामाणिकपणे पाहावे. आम्हीही पाहतो आणि नेहमी उत्तर आवडते असे नाही. (अमुक प्रार्थना बारा जणांना पाठवा, नाहीतर अनिष्ट होईल, असे संदेश आम्हांला अजूनही येतात. बंधु-भगिनींनो, ती श्रद्धा नव्हे, ती भीती आहे. खुशाल पुसून टाका.)

कोणी म्हणेल, फादर, आता चांगली प्रवचने व्हिडिओवर ऐकता येतात, मग पुस्तक कशाला? प्रवचने जरूर ऐका. पण ती बोलणाऱ्याच्या वेगाने पुढे जातात. पुस्तक तुमच्यासाठी थांबते. एखाद्या वाक्यापाशी मन अडकले तर तेथेच राहता येते, दिवसभर राहता येते. इग्नेशियस यांनी आवडलेला मजकूर वहीत उतरवून काढला, प्रभूचे शब्द तांबड्या शाईने आणि मरियामातेचे निळ्या शाईने. जवळजवळ तीनशे पानांची वही भरली. एवढा वेळ एका शब्दाबरोबर घालवणे हीच प्रार्थना आहे. बाराव्या शतकात ग्विगो नावाच्या कार्थुसियन मठवासीने वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान अशी चार पायऱ्यांची शिडी सांगितली. त्याच्या मते वाचन म्हणजे घास तोंडात घालणे आणि मनन म्हणजे तो चावणे. आपण बहुतेक जण घास घेतो आणि गिळून टाकतो.

ज्यांना प्रार्थनेत मन लागत नाही त्यांच्यासाठी अविलाच्या संत तेरेझा यांचे उदाहरण आहे. प्रार्थनेची एवढी मोठी शिक्षिका, पण सुमारे अठरा वर्षे त्यांना परमप्रसाद घेतल्यानंतरची वेळ सोडली तर पुस्तक जवळ असल्याशिवाय प्रार्थनेला बसण्याचे धाडस होत नसे. विचार भरकटू लागले की पुस्तक उघडायचे. कधी कधी नुसते जवळ असले तरी पुरे होई. सन १५५९ मध्ये स्पेनमध्ये लोकभाषेतील बऱ्याच धार्मिक पुस्तकांवर बंदी आली तेव्हा त्यांना मनापासून दुःख झाले. प्रभूने त्यांना त्या वेळी सांत्वन दिले, जिवंत पुस्तक देण्याचे वचन दिले. पण आधीचे दुःख खरे होते. सरांचे मन रोजरीत भरकटत होते, म्हणून त्यांनी पुस्तक मागितले. आम्हांला त्या वेळी तेरेझा आठवायला हव्या होत्या.

आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांना तर ही भूक नवी नाही. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमधून १५७९ मध्ये गोव्यात आले. साष्टीतील नवख्रिस्ती लोकांनी त्यांच्याकडे गाऱ्हाणे केले की, आमची जुनी पुराणे तर सुटली, मग वेळ घालवायला, मनाला आधार द्यायला आमच्या भाषेत दुसरे काही नको का? त्यातून 'ख्रिस्तपुराण' जन्मले. सुमारे अकरा हजार ओव्या! १६१६ मध्ये रायतूर येथे ते रोमन लिपीत छापले गेले. पुढे आणखी दोन आवृत्त्या निघाल्या, पण त्या तिन्हींची एकही प्रत आज सापडत नाही. ग्रंथ टिकला तो लोकांनी हाताने नकला करून ठेवल्या आणि तो घराघरांत, चर्चमध्ये मोठ्याने वाचला म्हणून. वाळवी तेव्हाही होतीच. आपल्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' देऊन तीच सेवा केली. त्याला साहित्य अकादमीचा अनुवादासाठीचा पुरस्कार मिळाला. २०२४ मध्ये ते प्रभूघरी गेले. त्यांचे पुस्तक आपल्या किती घरांत शोकेसमध्ये आहे आणि किती घरांत उशाशी, हे ज्याचे त्याने पाहावे.

आता मुलांविषयी. मुले इंग्रजी माध्यमात जातात, मराठी नीट वाचता येत नाही, ही तक्रार प्रत्येक घरी ऐकतो. मग आपण वाचू, ती ऐकतील. मठांमध्ये जेवताना एकजण मोठ्याने वाचतो ही परंपरा फार जुनी आहे. गुरुविद्यालयात आम्हीही त्यातून गेलो. खरे सांगायचे तर तेव्हा आमचे लक्ष आमटीकडे जास्त असे, तरीही त्या वाचनातील पुष्कळ गोष्टी आजही आठवतात. आजीने जेवणापूर्वी मार्ककृत शुभवर्तमानातील एक प्रसंग वाचावा. फक्त सोळा अध्याय आहेत. ज्यांना आधीच्या संतांची गोडी लागेल त्यांनी बाल येशूच्या संत तेरेझा यांचे आत्मचरित्र घ्यावे. संत ऑगस्टीन यांची 'कबुली' त्यानंतर, कारण ती जरा जड आहे. सुरुवातीलाच जड पुस्तक घेऊन दहाव्या पानावर सोडलेले भाविक आम्ही बरेच पाहिले आहेत.

संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात आपल्या मठाच्या नियमांत लिहून ठेवले की, प्रायश्चित्तकाळाच्या आरंभी प्रत्येकाला एक पुस्तक द्यावे आणि त्याने ते पहिल्या पानापासून क्रमाने पूर्ण वाचावे. एकच पुस्तक. शिवाय वाचनाच्या वेळी कोणी गप्पा मारीत बसत नाही ना, हे पाहायला एक-दोन वडीलधारे फिरत असत. एवढे आम्ही करणार नाही.

पण एवढे ठरवले आहे. खुर्च्यांसाठी जिन्याखालची जागा कोरडी करून घेऊ, त्याचा खर्च सांगून झाला आहे. कपाटाचा खालचा कप्पा सुताराने बदलला आहे. येत्या रविवारपासून सकाळच्या मिस्सानंतर अर्धा तास ते उघडे राहील. नाव वहीत लिहावे, पुस्तक घरी न्यावे. परत यायला उशीर झाला तर दंड नाही. युवक-युवतींपैकी ज्यांना आठवड्यातून एकदा एखाद्या आजाऱ्याच्या घरी जाऊन पंधरा मिनिटे मोठ्याने वाचून दाखवणे जमेल, त्यांनी आमच्याकडे नाव द्यावे. परमप्रसाद घेऊन आजाऱ्यांकडे जाणाऱ्या सेवकांनी यापुढे त्यांना वाचायला काही हवे का, हेही विचारावे. मोठ्या अक्षरांतील पुस्तके वरच्या कप्प्यात वेगळी लावली आहेत.

किल्ल्या दोन आहेत. एक ऑफिसात, आणि दुसरी सॅक्रिस्टीच्या दाराआड खिळ्याला टांगलेली आहे.

ख्रिस्तामध्ये आपला,
धर्मगुरू