जुन्या इंजिनाची नाडीपरीक्षा

चांगला वैद्य रोग्यास पाहतांच काढा उकळावयास घेत नाहीं. तो आधीं नाडी पाहतो, जीभ पाहतो, आणि त्रास केव्हां होतो, कशानें वाढतो, हें विचारतो. बिघडलेल्या इंजिनाशींही असेंच वागलें पाहिजे. हा धडा आम्ही पदरचे पैसे व थोडी अब्रू खर्चून शिकलों. विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या वडील मंडळींस त्याचा उपयोग व्हावा, म्हणून तो येथें मांडतों.

आमच्या घरीं पेट्रोलवर चालणारी एक जुनी जीप आहे. महिंद्र कंपनीनें मुंबईंत विलीस जीपांची जुळणी सुरू केली. आमची गाडी त्याच वंशांतली. नारायणगांवच्या बाजारांत टोमॅटोचे कॅरेट पोंचविण्याचें काम ती निमूटपणें करी. परंतु एका हंगामांत तिनें खोड धरली. टांकी भरून निघावें, तों थोड्याच अंतरावर ती आचके देई व बंद पडे. अर्धा तास थांबलें कीं पुन्हां चालू! तोंवर बाजारांतील चांगला भाव निघून जाई. पेट्रोलांत भेसळ आहे असा तीर्थरूपांचा ग्रह झाला, आणि ते पेट्रोल विकणाऱ्या गृहस्थास चारचौघांत नको तें बोलले. मग प्लग बदलले, कॉइल बदलली, इंजिनावरील पेट्रोल खेचणारा पंपही बदलला. खर्च वाढला, खोड तशीच राहिली.

आतां मूळ विषयाकडे वळूं. पेट्रोलच्या इंजिनास तीन गोष्टी लागतात : हवा व पेट्रोल यांचें योग्य मिश्रण (वजनानें पेट्रोलच्या सुमारें १५ पट हवा), वेळेवर पडणारी ठिणगी, आणि सिलिंडरांत पुरेसा दाब. यांपैकीं काय उणें आहे हें ठरविणें, हेंच निदान.

इंजिन बंद न पडतां नुसतें धडधडत असेल, तर बहुधा एखादा सिलिंडर काम करीत नसतो. जीपच्या इंजिनास चार सिलिंडर असून ते १-३-४-२ या क्रमानें पेटतात. इंजिन थांबवून एका प्लगची वायर काढावी, तिचें टोंक इंजिनाच्या लोखंडास पक्कें टेकवावें, आणि इंजिन सुरू करावें. चाल आणखी बिघडली तर तो सिलिंडर निरोगी. कांहींच फरक पडला नाहीं तर आजारी तोच. मग त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरास लावावा. दोष प्लगाबरोबर गेला तर प्लग वाईट. जागचा हलला नाहीं तर वायर, डिस्ट्रिब्यूटरची टोपी किंवा गळका व्हॉल्व्ह यांकडे पाहावें. प्लगाचें टोंक तपकिरी असलें तर प्रकृति ठीक समजावी. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त. तेलकट ओल असेल तर ऑइल वर चढतें. पांढरें फटफटीत असेल तर पेट्रोल कमी, किंवा उष्णता फार. या इंजिनांत प्लगाची फट ०.०३० इंच व पॉइंटाची ०.०२० इंच ठेवतात.

इंजिन बंदच पडत असेल, तर तें बंद पडतांच प्रथम ठिणगी तपासावी. मात्र सांडलेलें पेट्रोल जवळ नसावें. तापल्यावर ठिणगी नाहींशी होऊन थंड झाल्यावर परत येत असेल, तर कंडेन्सर किंवा कॉइल यांचा संशय घ्यावा. ठिणगी ठीक असेल, तर पेट्रोलची वाट तपासावी.

आम्हीं वहींत नोंद ठेवूं लागलों, तेव्हां दोन गोष्टी दिसल्या. गाडी बंद पडे तेव्हां ठिणगी उत्तम असे. आणि टांकी भरलेली असतां गाडी लवकर थांबे, अर्धी असतां बऱ्याच उशिरानें. भेसळ असती तर अर्ध्या टांकींतही ती तितकीच बाधली असती. येथें बॉइल यानें १६६२ सालीं प्रसिद्ध केलेला नियम कामीं आला. ४० लिटरची टांकी धरा. ती जवळजवळ भरली असतां वर २ लिटर हवा उरते. १ लिटर पेट्रोल खर्च झालें व बाहेरची हवा आंत आली नाहीं, तर तीच हवा ३ लिटर जागा व्यापते, आणि तिचा दाब दोन तृतीयांशावर येतो. अर्ध्या टांकींत २० लिटरचे २१ होतात. दाब जेमतेम विसावा हिस्सा उतरतो. (पेट्रोलच्या वाफेनें हा फरक कमी होतो, इतकेंच.) दाब उतरला कीं पंपास पेट्रोल ओढवत नाहीं.

आम्हीं टांकीचें झांकण पाहिलें. जुनें हरवल्यावर बसविलेल्या नव्या झांकणास हवेचें छिद्रच नव्हतें! पुढच्या खेपेस गाडी थांबतांच झांकण उघडलें. 'सुस्स' करून हवा आंत शिरली, आणि गाडी लगेच सुरू झाली. घट्ट लावून पुन्हां पाहिलें, पुन्हां थांबली. सैल केलें, चालली. इतर वेळीं फटींतून हवा हळूहळू शिरे, म्हणून अर्धा तास लागे. छिद्राचें झांकण बसविलें, आणि खोड गेली.

त्याच सायंकाळीं तीर्थरूप पेट्रोल विकणाऱ्या गृहस्थांकडे गेले, व ज्या चारचौघांत बोलले होते त्यांच्यादेखत म्हणाले, "दोष माझ्या झांकणाचा होता, तुम्हांस उगीच बोललों." त्या गृहस्थांनीं चहा मागविला.

बदललेले सुटे भाग आम्हीं माळ्यावर ठेवून दिले आहेत. बोललेला शब्द मात्र तसा ठेवून देतां येत नाहीं. म्हणून, बाळांनो, इंजिन असो वा माणूस, दोष देण्यापूर्वीं परीक्षा करावी.