फराळाची जाहिरात देण्याआधी

भाचीबाई, यंदा फराळाच्या ऑर्डरी ऑनलाइन घेणार आणि गूगलवर जाहिरातही देणार म्हणतेस, तर चार गोष्टी ऐकून ठेव. माझा जन्म पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर काउंटरमागे गेला. गूगलची जाहिरात उतारवयात शिकलो. दोन्हीकडे गिऱ्हाईक तेच. आपण मालाला काय म्हणतो याला किंमत नाही, घेणारा काय मागतो त्याला आहे.

१. आधी वही, मग कॉम्प्युटर. फोनवर, व्हॉट्सॲपवर, दारात लोक काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून काढ. ‘अस्सल पारंपरिक खाद्यपदार्थ’ असं कोणी शोधत नाही. ‘घरगुती अनारसे मिळतील का’, ‘गुळाच्या करंज्या आहेत का’, ‘शंभर बॉक्सची ऑर्डर घेता का’ असं विचारतात. शेवटचा प्रश्न हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांतून येतो. त्या गिऱ्हाइकासाठी ‘दिवाळी गिफ्ट बॉक्स पुणे’ अशा शब्दांची वेगळी जाहिरात कर.

२. शुद्धलेखनाचा हट्ट सोड. ‘फराळ’ रोमन लिपीत कोणी ‘एफ’ने लिहितं, कोणी ‘पीएच’ने. ‘चकली’त एखादा जास्तीचा ‘ए’ घुसतो. वाकडमधला परप्रांतीय शेजारी तर ‘महाराष्ट्रीयन स्नॅक्स’ शोधतो. देवनागरी, रोमन मराठी, हिंदी, इंग्रजी, चारी तऱ्हा जाहिरातीच्या शब्दांच्या यादीत घे. जाहिरातीत मात्र शुद्ध लिही.

३. शोधणारा कुठे बसलाय ते बघ. परदेशी जाणाऱ्या डब्याची गिऱ्हाइकं दोन. कोथरूडची आई ‘अमेरिकेला फराळ पाठवणे’ शोधते. न्यू जर्सीतला लेक नुसतं ‘दिवाळी फराळ’ टाइप करतो. आईसाठी जाहिरात पुण्यात दाखवायची, लेकासाठी अमेरिकेत, आणि शब्दही वेगळे ठेवायचे. शहर निवडताना एक खाचखळगा आहे. गूगल आपणहून त्या शहरात असलेल्यांबरोबरच त्या शहरात नुसता रस असलेल्यांनाही जाहिरात दाखवतं. कोथरूड-कर्वेनगरात घरपोच देणार असशील, तर ‘तिथे असलेलेच लोक’ हा पर्याय निवड.

४. बघे आणि घेणारे वेगळे कर. ‘चकली कशी करायची’ विचारणारीला चकली विकत नकोच आहे. तिच्यावर जाहिरातीचा पैसा घालू नकोस. पण ‘चकलीची भाजणी’ शोधणारी बहुधा भाजणी विकत घेईल. भाजणी ठेवतेस तर हा शब्द सोन्याचा. ‘रेसिपी’, ‘कृती’, ‘फोटो’, ‘निबंध’, ‘नोकरी’ हे शब्द नकारी यादीत टाक, म्हणजे त्या शोधांवर जाहिरात दिसणारच नाही. या यादीला गूगल समानार्थी शब्द आपणहून जोडत नाही; ‘रेसिपी’ टाकलीस म्हणून ‘कृती’ अडत नाही. दोन्ही लिहावे लागतात. बाजीराव रस्त्यावरच्या नामांकित दुकानाचं नाव शोधणाऱ्यालाही तेच दुकान हवं असतं. त्याच्या मागे लागू नकोस.

५. दार किती उघडायचं ते ठरव. शब्द नुसता लिहिला की गूगल त्याच्याशी लांबचं नातं असलेल्या शोधांवरही जाहिरात दाखवतं. दुहेरी अवतरणचिन्हांत लिहिला की त्या अर्थाचा शोध लागतो, चौकटी कंसात लिहिला की जवळपास तोच. पैसा थोडा आहे तोवर अवतरण आणि कंस यांतच राहा.

६. आकडे बघ, पण पंचांग शेजारी ठेवून. गूगलचा कीवर्ड प्लॅनर फुकट आहे. मात्र जाहिरातीवर फारसा खर्च न करणाऱ्या खात्याला तो शोधांच्या संख्येची ‘शंभर ते हजार’ अशी ढोबळ पट्टीच दाखवतो. गूगल ट्रेंड्स शोधांची संख्या सांगतच नाही. शून्य ते शंभर या मापात कोणत्या आठवड्यात ओढ जास्त होती ते सांगतं. त्यातही तारखेला तारीख जुळवू नकोस. लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होतं, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला, आणि २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ते ८ नोव्हेंबरला आहे. गेल्या वर्षीची तारीख धरून जाहिरात लावलीस तर यंदा आठवडेच्या आठवडे पैसा आधी जळेल. लक्ष्मीपूजनापासून उलटे आठवडे मोज. परदेशी पार्सलचे शब्द त्याहूनही आधी चालू कर. कुरिअर आणि तिथली कस्टम्स दिवाळीसाठी थांबत नाहीत.

७. क्लिकची किंमत स्वयंपाकघरातून काढ. समज, एका बॉक्समागे दोनशे रुपये सुटतात आणि पानावर आलेल्या वीस जणांत एक जण घेतो. मग क्लिकमागे दहा रुपये दिलेस की हाती शून्य. त्याच्या बऱ्याच खाली राहा. जाहिरातीत अनारसे म्हटलंस तर क्लिक केल्यावर अनारशांचंच पान उघडलं पाहिजे, भावासकट. गूगल शब्द, जाहिरात आणि पान यांचा मेळ बघून एक ते दहा गुण देतं. मेळ चांगला असला की त्याच जागेसाठी बहुधा कमी पैसे पडतात.

८. जाहिरात लावून झोपू नकोस. लोकांनी प्रत्यक्षात काय टाइप केलं आणि तुझा पैसा कशावर गेला, हे ‘सर्च टर्म्स’च्या अहवालात दिसतं. सीझनमध्ये तो रोज बघ. नवा कामाचा शब्द दिसला तर यादीत घे, निरुपयोगी दिसला तर नकारी यादीत ढकल. आणि दुपारी एक ते चार फोन उचलणार नसशील, तर फोन करायला सांगणारी जाहिरात त्या वेळात बंद ठेव. पुण्यात हे वेगळं सांगायला नको.

मोठ्या दुकानांइतका पैसा तुझ्याकडे नाही, म्हणून नुसत्या ‘फराळ’ या एका शब्दासाठी त्यांच्याशी भांडू नकोस. ‘कोथरूडमध्ये घरगुती कडबोळी’ शोधणारे थोडेच असतील, पण ते घ्यायलाच आलेले असतात. असे वीस-पंचवीस शब्द धर आणि आजपासून वही उघड.