जोर वाढवण्याआधी

चि. निनाद यास,


तुमच्या कॅरॅव्हॅनमधल्या शॉवरला धार नाही, म्हणून तू दुप्पट ताकदीचा पंप मागवतो आहेस आणि तो येईपर्यंत मुक्कामाच्या साइटवरच्या नळालाच थेट पाइप जोडणार आहेस, असं ताईनं फोनवर मोठ्या कौतुकानं सांगितलं. तिला त्यात मुलाची हुशारी दिसली. मला त्यात काळजी दिसली, आणि ती फोनवर नीट मांडता येईना म्हणून हे पत्र. पंपाला माझी हरकत नाही, हरकत आहे ती क्रमाला. धार का बारीक आहे हे न शोधता तू जोर वाढवायला निघालास. आपल्या घराण्याला ही खोड जुनीच आहे, तुझ्या आजोबांपासूनची. त्यामुळे माझं बोलणं थोडं लागलं तरी शेवटपर्यंत वाच.

आधी बळ किती आहे आणि जातं कुठे ते बघू. बाहेर जमिनीवर चाळीस लिटरचा बॅरल, त्यात बारा व्होल्टचा सबमर्सिबल पंप, ही तुमची सगळी पाणीयोजना. असा पंप चांगल्या स्थितीत असला तर साधारण एक बार दाब देतो, म्हणजे दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका. शॉवरचं तोंड बॅरलातल्या पाण्यापासून अडीचएक मीटर उंच, म्हणजे पाव हिस्सा नुसतं वर चढण्यात गेला. उरलेला पाइप, फिल्टर, हीटर, मिक्सर, शॉवरची होज आणि शेवटची बारीक भोकं यांनी वाटून घ्यायचा. आता यातल्या एका ठिकाणी अडथळा असेल, तर त्यातून दुप्पट पाणी ढकलायला चौपट दाब लागतो. म्हणून दुप्पट दाबाच्या पंपानं धार दुप्पट होत नाही, फार तर दीडपट होते. तुझे पैसे गेले, अडथळा तिथेच राहिला, आणि पंपापासून त्या अडथळ्यापर्यंतच्या प्रत्येक सांध्यावर पूर्वी नव्हता असा ताण आला. ते सांधे बाकांखाली आणि कपाटांमागे दडलेले असतात. तिथून झिरपणारं पाणी दिसत नाही. ते प्लायवूडच्या जमिनीत मुरतं आणि पायाखाली जमीन मऊ लागते तेव्हाच कळतं.

तेव्हा आधी मोज. एक लिटरचं माप आणि फोनमधलं घड्याळ पुरे. स्वयंपाकाच्या नळाचं गार पाणी, मग शॉवरचं गार, मग गरम, आणि शेवटी शॉवरचं तोंड काढून नुसत्या होजमधून, असं प्रत्येक वेळी किती सेकंद लागतात ते लिहून ठेव. स्वयंपाकाचा नळ छान वाहत असेल तर पंप निर्दोष आहे. तोंड काढल्यावर होजमधून पाणी धो धो आलं, तर भोकांत क्षार बसलाय. तुमच्या इंग्लंडातल्या रेडिंगकडचं पाणी मुळातच जड, खडूच्या थरांतून येणारं. तोंड रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेव. फक्त गरम पाणीच बारीक असेल तर हीटर आणि त्याच्या वाटेवरचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह तपास. धार थुंकत थुंकत येत असेल तर पंपात हवा अडकली असेल. त्याला पाण्याखालीच जरा हलवून हवा बाहेर काढ. फिल्टर शेवटचा कधी बदलला ते तुझ्या बायकोला, मृणालला विचार, तिला आठवत असेल. आणि सगळीकडेच धार मंद असेल तर पंप चालू ठेवून त्याच्या जोडणीपाशी मल्टिमीटर लाव. बॅटरीपाशी बारा व्होल्ट आणि पंपापाशी दहाच, असं अनेकदा आढळतं, कारण वायर बारीक असते किंवा सॉकेटचे पिन गंजलेले असतात. अशा पंपाचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे घटतो, म्हणून दोन व्होल्ट गळाले की सुमारे तीस टक्के दाब गेला. त्याच वायरवर मोठा पंप लावलास तर तो जास्त करंट ओढेल आणि व्होल्ट आणखी गळतील. मग फ्यूज उडतो म्हणून कुणी मोठा फ्यूज घालायला सांगेल. ते मात्र मुळीच करू नकोस. फ्यूज वायर जळू नये म्हणून असतो.

तू म्हणशील, मामा, एवढी खटपट कशाला, साइटवर नळ आहे आणि त्याला भरपूर दाब आहे. तीच तर माझी मुख्य भीती. त्या नळाला कित्येकदा तीन, चार, त्याहूनही जास्त बार दाब असतो, आणि कॅरॅव्हॅनचे हीटर, नळ नि सांधे साधारण एक-दोन बारांच्या हिशेबानं जोडलेले असतात. कमाल किती दाब चालतो ते हीटरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. ते वाचल्याखेरीज काही जोडू नकोस. दुसरी गोष्ट याहून मोठी. पंप नळ बंद केल्यावर थांबतो आणि कुठे गळलंच तरी जास्तीत जास्त चाळीस लिटर गळतं. नळाचा दाब तुम्ही डोंगरावर फिरायला गेलात तरी रात्रंदिवस बसलेला असतो, आणि त्या पाण्याला अंत नाही. नव्या कॅरॅव्हॅन नळाला जोडतातच, असं तू म्हणशील, आणि ते खरं आहे. पण मध्ये दाब उतरवणारा रेग्युलेटर लावून, नुसता पाइप खुपसून नव्हे. त्याहून सोपा आणि मला पटणारा उपाय म्हणजे बॅरलला बॉलकॉक लावणं, आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीला असतो तसा. नळ बॅरल भरत राहील, पंप बॅरलातून पाणी घेईल, आणि आत जाणारा दाब तुझ्या हातात राहील. बॅरल वाहून आणायचा त्रासही वाचला. शिवाय कॅरॅव्हॅनमधलं पाणी उलटून सार्वजनिक लाइनीत जाता कामा नये, असा तिकडचा 1999 सालच्या पाणी-फिटिंगच्या नियमांचा दंडक आहे. त्याला कागदी कटकट समजू नकोस. आपल्या शहरांत नळाला पाणी कमी आलं की लोक लाइनीला टुल्लू पंप लावतात. प्रत्येकाला आपली बादली दिसते, पण रिकाम्या होत चाललेल्या लाइनीत फुटक्या सांध्यांतून गटाराचं पाणी ओढलं जातं, ते कुणाला दिसत नाही. घाईनं लावलेला जोर दुसऱ्याच्या घरात काय करतो, ते तिथे कळतं.

दुसरा आक्षेप असा, की हे सगळं मान्य, पण आंघोळ आंघोळीसारखी व्हावी की नको? व्हावीच. पण हिशेब कर. हीटरमध्ये दहा लिटर पाणी साठ अंशांवर आहे आणि बॅरलातलं गार पाणी पंधरा अंशांवर. दोन्ही मिसळून चाळीस अंशांचं पाणी करायचं तर अठरा लिटर होतं. मिनिटाला आठ लिटरची धार सोडलीस तर हे सव्वादोन मिनिटांत संपेल, आणि केसाला साबण लावून मृणाल गार पाण्यात उभी राहील. चार लिटरची धार असेल तर साडेचार मिनिटं मिळतील. म्हणजे तुला हवी आहे ती जास्त पाण्याची धार नाही. कमी पाण्यातही अंगावर टोचेल, सुख देईल अशी धार हवी. कमी आणि बारीक भोकांचं, कमी दाबासाठी बनवलेलं शॉवरचं तोंड नेमकं हेच करतं. बंद करायचं बटण असलेलं घे, साबण लावताना पाणी थांबवता येतं. त्याला फसवणूक म्हणू नकोस. इतक्या लहान टाकीत दुसरा प्रामाणिक मार्ग नाही.

आता तुझ्या मुलीबद्दल, मुक्ताबद्दल, कारण खरं तर तिच्यासाठीच एवढं लिहिलं. शॉवर चालू असताना कुणी स्वयंपाकाचा गार नळ उघडला की गार पाण्याचा दाब पडतो आणि शॉवरमधून एकाएकी कढत पाणी येतं. साठ अंशांचं पाणी लहान मुलाची कातडी काही सेकंदांत भाजतं. जोर वाढवलास तर तो झटकाही वाढेल. ती आत असताना दुसरा नळ कुणी उघडायचा नाही, असा घरचा नियम कर, आणि पाणी तिच्या अंगावर सोडण्याआधी स्वतःच्या मनगटावर घेऊन बघ.

फार बोललो, जाणवतंय मला. तुझ्या वयात मला कुठल्याही गोष्टीला ‘का’ विचारायला उसंत नव्हती. काम उरकायचं आणि पुढे पळायचं, त्यातच उमेद गेली, त्याची रुखरुख मला अजून आहे. तू तरी तसा पळू नयेस म्हणून जीव तुटतो. बाकी, बायको-मुलीला परमुलखात, चाकांवरच्या घरातसुद्धा सुखाची आंघोळ मिळावी म्हणून तू धडपडतो आहेस, ही गोष्ट मला फार आवडली. ताईलाही तेच आवडलं असणार. तिच्याशी यावरून वाद घालू नकोस. मोजलेले आकडे मला पाठव, आपण दोघं मिळून बघू. आणि काहीच जमलं नाही, तर साइटवर सार्वजनिक न्हाणीघर असतं, तिथे रांगेत उभे राहा, त्यात काही कमीपणा नाही. मुक्ताला सांग, मामाआजोबा विचारतात, ती अजून आंघोळीला रडते का. रडत असली तरी चालेल म्हणावं, तिचा बापही शाळेत जाईपर्यंत रडायचा.

तुझा,
मामा