तानपुऱ्यातली खाच

संगणकावर गाणं रेकॉर्ड करताना आवाज मध्येच तुटतो, त्याला ड्रॉपआउट म्हणतात. तो बहुतेकदा काही मिलिसेकंदांचाच असतो. ढोल-ताशाच्या दणक्यात तो लपून जाईल, तानपुऱ्यात लपत नाही. अखंड चाललेल्या षड्जात बारीक खाच पडते, ‘टक्’ होतं, आणि एकदा ती कानाला लागली की पुढच्या गाण्यात मन रमत नाही.

मला हे पहिल्यांदा कळलं ते ३५ मिनिटांच्या एका विलंबित ख्यालानंतर. गायिका ज्येष्ठ होत्या. ती बढत त्या दिवसाची होती, पुन्हा तशी होणार नव्हती, आणि फाइलमध्ये ११ ठिकाणी खाच होती. मी घाबरून एका बैठकीत दहा सेटिंग्ज बदलली. अडचण गेली, पण कशामुळे गेली ते कळलं नाही, आणि महिन्याभरात ती परत आली. तेव्हापासून एका वेळी एकच गोष्ट बदलतो, बदलली की चाचणी घेतो, आणि निकाल वहीत लिहितो. पुढचा क्रम विंडोजचा लॅपटॉप, यूएसबी ऑडिओ इंटरफेस आणि दोन माइक अशा घरगुती मांडणीसाठी आहे.

१. खाच फाइलमध्ये आहे का, ते आधी पाहा

‘टक्’ आलेली जागा तीनदा वाजवा. तिन्ही वेळा त्याच क्षणी आली तर खाच फाइलमध्ये बसली आहे. जागा बदलत असेल तर रेकॉर्डिंग शाबूत आहे, फक्त वाजवताना संगणक अडखळतोय.

खाच पक्की निघाली तर त्या जागी वेव्हफॉर्म मोठा करून बघा. रेषा एकदम उभी उडी मारत असेल, किंवा शून्यावर सपाट पडून पुन्हा सुरू होत असेल, तर तो ड्रॉपआउट. लाटांचे शेंडे वर कापल्यासारखे चपटे दिसत असतील तर ते क्लिपिंग आहे. तबल्याच्या बायाच्या जोरदार आघातावर ते हमखास होतं आणि त्याला उपाय एकच, इनपुटचा गेन कमी करणं.

तिसरा प्रकार जास्त फसवतो. इंटरफेस न वापरता लॅपटॉपच्याच माइकवर रेकॉर्ड करत असाल, तर तानपुरा हळूहळू विरून जातो, गायक गायला लागला की परत येतो. हा ड्रॉपआउट नाही. लॅपटॉपमधली नॉइज सप्रेशनची सोय एकसारख्या चालणाऱ्या आवाजाला गोंगाट समजून पुसून टाकते, आणि तानपुऱ्याइतका एकसारखा आवाज दुसरा कुठला? साउंड सेटिंग्जमध्ये माइकच्या पानावर ऑडिओ एन्हान्समेंट्स बंद करा, आणि लॅपटॉप कंपनीचं वेगळं साउंड सॉफ्टवेअर असेल तर त्यातलंही.

२. चाचणीची सोय करा

गायकाला पुन्हा पुन्हा गायला लावून दोष सापडत नाही. इंटरफेसच्या लाइन आउटपुटमधून एक केबल त्याच्याच लाइन इनपुटला जोडा. सॉफ्टवेअरमध्ये त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करा. हे विसरलात तर आवाज गोल फिरत वाढत जाईल आणि कर्कश शीळ सुटेल. म्हणून हेडफोन कानांवर न ठेवताच सुरुवात करा. आता १००० हर्ट्झचा सरळ सूर दहा मिनिटं वाजवा आणि त्याच वेळी रेकॉर्ड करा. ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये जनरेट मेनूखाली टोन मिळतो.

रेकॉर्ड झालेला ट्रॅक स्पेक्ट्रोग्राममध्ये बघा. निर्दोष सूर म्हणजे एक आडवी रेषा. जिथे खाच तिथे तिला छेदणारी उभी रेघ. दहा मिनिटं कान देऊन ऐकण्याची गरज उरत नाही, रेघा मोजायच्या. ऑडॅसिटीत रेकॉर्डिंगच्या प्रेफरन्सेसमध्ये ड्रॉपआउट ओळखण्याची सोयही आहे. ती चालू असेल तर हरवलेल्या जागांवर लेबलं लावून मिळतात.

रेघांमधलं अंतर वहीत लिहा. समान अंतरावर येत असतील तर घड्याळाचा किंवा ठरावीक वेळाने जागं होणाऱ्या एखाद्या कामाचा संशय घ्यावा. कशाही विखुरलेल्या असतील तर ड्रायव्हर किंवा प्रोसेसर. पहिली २०-२५ मिनिटं स्वच्छ आणि मग गर्दी, तर उष्णता. त्यासाठी चाचणी अर्धा तास चालवावी लागेल. चाचणी पूर्ण स्वच्छ निघाली आणि गाण्यात मात्र आवाज तुटतोय, तर संगणकाला सोडा आणि माइकची केबल बदला. एक्सएलआरच्या टोकाशी सुटत आलेला टाका बाहेरून दिसत नाही.

३. वाट मोकळी करा

इंटरफेस थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये लावा. मधला हब काढा, विशेषतः माउस, पेनड्राइव्ह आणि इंटरफेस तिघांना एकाच हबवर बसवलं असेल तर. केबल आखूड घ्या, पोर्ट बदलून पाहा. दोन मिनिटांचं काम आहे.

मग पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण असते, तीही काढा.

४. ड्रायव्हर आणि बफर

इथे थोडं थांबायला हवं, कारण बहुतेकांची गफलत इथेच होते. इंटरफेसमधून आवाज नळासारखा अखंड वाहत असतो. बफर म्हणजे त्या नळाखालची बादली. ती भरली की प्रोसेसरने ती उचलून रिकामी करायची. दुसऱ्या कामात अडकून त्याला यायला उशीर झाला तर बादली वाहून जाते, आणि सांडलेलं पाणी परत मिळत नाही. बादली लहान असेल तर फेऱ्या जास्त आणि चुकीला जागा कमी.

बादलीचं माप सॅम्पलमध्ये असतं: ६४, १२८, २५६, ५१२, १०२४. त्याला सॅम्पल रेटने भागलं की वेळ मिळतो. ४८ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पल म्हणजे ५.३ मिलिसेकंद, १०२४ म्हणजे २१.३. आवाज आत येऊन हेडफोनमध्ये परत जाईपर्यंत हा उशीर दोनदा लागतो, वर इंटरफेसचा स्वतःचा थोडा वेळ. हवेतून आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो. म्हणजे २५६ च्या बफरवर गायकाला स्वतःचा आवाज चार मीटर लांबून आल्यासारखा ऐकू येतो. तबल्याचा साथीदार चार मीटरवर बसला तर चालून जाईल. स्वतःचाच गळा चार मीटरवर गेला की मात्र गायक बिथरतो. म्हणून लोक बफर ६४ वर आणतात, आणि खाचा सुरू होतात.

यातून सुटायचा मार्ग इंटरफेसवरच असतो. डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण दाबलं की माइकचा आवाज संगणकात न शिरता थेट हेडफोनला जातो. गायकाला उशीर जाणवतच नाही, आणि मग बफर ५१२ किंवा १०२४ ठेवायला काही हरकत नाही. सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग मात्र बंद करा, नाहीतर आवाज दुहेरी ऐकू येईल. हेडफोनमध्ये रिव्हर्ब मिळणार नाही, आणि काही गायकांना तो हवाच असतो. इंटरफेसमध्ये स्वतःचा रिव्हर्ब असेल तर तो द्या. संगणकातून रिव्हर्ब देण्यासाठी बफर खाली ओढणं मला पटत नाही. टेक महत्त्वाचा.

ड्रायव्हर इंटरफेसच्या कंपनीने दिलेला एएसआयओच घ्या. स्टाइनबर्गने ही पद्धत आणली ती विंडोजच्या मधल्या थरांना वळसा घालण्यासाठीच. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये एएसआयओ दिसत नसेल तर वासापी निवडा, एमएमई नको. सॅम्पल रेट इंटरफेस, विंडोज आणि प्रोजेक्ट तिन्हीकडे एकच ठेवा. गाण्यासाठी ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट पुरेसं आहे. ९६ ला त्याच बादल्या दुप्पट वेगाने भरतात. मागच्या ट्रॅकवर जड प्लगइन असतील तर ते ट्रॅक फ्रीझ करा.

मॅकवर वेगळा एएसआयओ लागत नाही, कोअर ऑडिओ पुरतो. लिनक्सवर जॅक वापरत असाल तर एक्सरनचा, म्हणजे बादली वेळेत न उचलल्याच्या प्रसंगांचा, आकडा समोरच दिसतो, तो वहीत घ्या.

५. वीज आणि उष्णता

आपल्याकडच्या घरगुती रेकॉर्डिंगमध्ये हे कारण वारंवार भेटतं. लॅपटॉपचा चार्जर लावला की हेडफोनमध्ये घूं ऐकू येते, म्हणून आपण चार्जर काढतो. घूं जाते, पण लॅपटॉप बॅटरीवर येताच वीज वाचवू लागतो, प्रोसेसरचा वेग उतरतो आणि बादल्या वेळेत रिकाम्या होत नाहीत. एका दोषावरचा इलाज दुसरा दोष घेऊन येतो.

घूं बहुतेकदा अर्थिंगची असते. इलेक्ट्रिशियनला बोलावून सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या, आणि लॅपटॉप, इंटरफेस, इलेक्ट्रॉनिक तानपुरा सगळं एकाच तीन-पिन बोर्डावर लावा. तानपुरा केबलने जोडत असाल तर ग्राउंड लिफ्टचं बटण असलेला डीआय बॉक्स मध्ये घाला. अर्थिंगची पिन कधीही काढू नका, जिवावर बेतू शकतं. मग चार्जर लावूनच रेकॉर्ड करा आणि पॉवर मोड बेस्ट परफॉर्मन्सवर ठेवा.

दुसरं म्हणजे उन्हाळा. आवाज नको म्हणून पंखा बंद, एसी बंद, खिडक्या बंद. मे महिन्यात अशा खोलीत अर्ध्या तासात लॅपटॉप तापतो, आणि तापला की स्वतःला वाचवायला प्रोसेसर मंदावतो. आलाप स्वच्छ आणि द्रुतमध्ये खाचा, असं झालं तर इथेच बघा. लॅपटॉप गादीवर ठेवू नका. कडक पाटावर, खालून हवा खेळेल असा ठेवा. शक्य असेल तर तो दाराबाहेर ठेवून माइकच्या केबल आत घ्या, त्याच्या पंख्याचा आवाजही टळतो. दोन टेकच्या मध्ये दहा मिनिटं खोली उघडा. गायकालाही ती हवी असतात.

६. मागे काय चाललंय

वायफाय आणि ब्लूटूथ बंद करा, ब्राउझर मिटा, विंडोज अपडेट पुढे ढकला, अँटिव्हायरसला रेकॉर्डिंगचं फोल्डर तपासू नको असं सांगा. ते फोल्डर क्लाउडवर आपोआप चढणारं असेल तर दुसरीकडे हलवा.

एवढ्यावरही रेघा येत असतील तर लेटन्सीमॉन दहा मिनिटं चालवा. कुठला ड्रायव्हर प्रोसेसरला अडवून धरतो ते तो दाखवतो. यादीत वर एनडीआयएस असेल तर नेटवर्क, एनव्हीएलडीडीएमकेएम असेल तर एनव्हिडियाचा ग्राफिक्स ड्रायव्हर. एसीपीआय असेल तर बॅटरीची विचारपूस कारण असू शकते. डिव्हाइस मॅनेजरमधली बॅटरीची नोंद रेकॉर्डिंगपुरती डिसेबल करा आणि नंतर आठवणीने चालू करा.

डिस्कवर लोक लवकर ठपका ठेवतात. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक ट्रॅक सेकंदाला १४४ केबी लिहितो, आठ ट्रॅक मिळून जेमतेम १.१५ एमबी. साधी हार्ड डिस्कही हे सहज पेलते, गच्च भरलेली नसेल तर. पेनड्राइव्हवर थेट रेकॉर्ड करणं तेवढं टाळा.

७. दोन डिजिटल उपकरणं असतील तरच

इंटरफेसला दुसरा प्रीअँप ऑप्टिकल केबलने जोडला असेल तर दोघांची घड्याळं वेगवेगळी चालतात आणि ठरावीक अंतराने ‘टक्’ येते. एकाला मालक ठरवा, दुसऱ्याच्या सेटिंगमध्ये क्लॉक सोर्स म्हणून त्याला निवडा.

८. खाच पडलेला टेक वाचवणं

एखादीच बारीक खाच असेल तर ऑडॅसिटीचा रिपेअर इफेक्ट १२८ सॅम्पलपर्यंतची जागा भरून काढतो, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला २.७ मिलिसेकंद. त्याहून मोठी असेल तर तानपुरा आणि गळा वेगळ्या ट्रॅकवर आहेत का बघा. तानपुऱ्याच्या ट्रॅकवर त्याच तारेच्या आधीच्या छेडीतला तुकडा घेऊन दोन्ही टोकांना छोटा क्रॉसफेड द्या, कानाला कळत नाही. गळ्यातली खाच स्वरांच्या मधल्या श्वासात असेल तर तिथेही जमतं. मिंडेच्या मध्यात असेल तर मी हात लावत नाही.

माझ्या त्या ११ खाचांपैकी आठ अशा भरल्या. दोन तिहाईच्या गजरात ऐकूच येत नव्हत्या. उरलेली एक समेच्या आधी, कोमल धैवतावरून पंचमावर उतरताना आहे, आणि ती तशीच ठेवली आहे. आता प्रत्येक बैठकीला खोलीच्या कोपऱ्यात एक छोटा हातातला रेकॉर्डर बॅटरीवर वेगळा चालू ठेवतो.